पर्वरीतला फ्लॅट आणि आम्ही दोघं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापूरची, नवरा गोव्यातल्या डिचोलीचा आणि संसार पणजीजवळच्या पर्वरीत. लग्नाला चार वर्षं झाली, तरी माहेरच्या ग्रुपवर दर आठवड्याला कोणीतरी तेच प्रश्न नव्यानं विचारतं. आत्या विचारते, मग तिची सून विचारते, मग दोघी एकमेकींना माझी उत्तरं चुकीची सांगतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. यापुढं कोणी विचारलं की हेच पुढं ढकलणार.

रोज समुद्रावर जाता का?

नाही. गेल्या वर्षभरात सहा वेळा गेलो, त्यातल्या चार वेळा पाहुण्यांना दाखवायला. कोल्हापूरची माणसं रोज पन्हाळ्यावर जातात का?

नक्की राहता कुठं? पणजीत ना?

पत्ता सांगताना मीही पणजीच म्हणते, पण आम्ही मांडवीच्या अलीकडं, म्हणजे उत्तरेच्या काठावर राहतो. विधानसभा आमच्या पर्वरीत आहे, सचिवालय इथं आहे, सातमजली इमारती आहेत, मॉल आहे. आणि तरीही घरपट्टी भरायला पंचायतीत जावं लागतं, कारण ही सगळी वस्ती पेन्ह द फ्रान्स, सुकूर, साल्वादोर द मुंद अशा गावपंचायतींत वाटली गेलीय. माझ्या वडिलांना हे अजून पटलेलं नाही. लिफ्ट असलेल्या घराला सरपंच कसा असेल, असं ते म्हणतात.

फ्लॅट चौथ्या मजल्यावर. एक बेडरूम, एक हॉल, कपडे वाळत घालण्यापुरती बाल्कनी. बाल्कनीतून नदी दिसते असं दलालानं सांगितलं होतं. दिसते, पण टाचा उचलून, आणि समोरच्या आंब्याची फांदी वाऱ्यानं हलली तर.

फ्लॅट मिळाला कसा? भाडं किती?

18,000 देतो, मेंटेनन्स वेगळा. दोन महिन्यांचं डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायचा फॉर्म, हे सगळं रीतसर. पण मिळेपर्यंत तीन महिने गेले. गोव्यात फ्लॅट कमी नाहीत, पण त्यातले बरेच राहण्यासाठी बांधलेलेच नाहीत. आमच्या इमारतीत चोवीस फ्लॅट, त्यातले नऊ कायम बंद. मालक दुसऱ्या राज्यात, वर्षातून एकदा नाताळात येतात, एसी सुरू करून बघतात आणि जातात. आणखी चार पर्यटकांना दिवसावर दिले जातात. दर शुक्रवारी लिफ्टमध्ये नवे चेहरे आणि चाकांच्या बॅगा. मालकाचा हिशोब सरळ असतो: आमच्यासारख्यांकडून महिन्याला जे मिळतं, ते डिसेंबरच्या एका आठवड्यात निघतं.

एका मालकानं आमच्याशी सगळं ठरवलं, चावी हातात देण्याच्या आदल्या दिवशी फोन केला आणि ‘सीझन संपल्यावर या’ म्हणाला. आमचं सामान डिचोलीहून टेम्पोत चढलेलं होतं. ती रात्र माझा फ्रिज सासऱ्यांच्या पडवीत झोपला. आताचा फ्लॅट मिळाला तो नवऱ्याच्या मावशीच्या ओळखीनं. गोव्यात ओळख लागते. ॲपवर फोटो दिसतात, घर मिळतं ते मावशीमुळं.

तुमचं लग्न नक्की कधी झालं? जानेवारीत की मे महिन्यात?

हा प्रश्न माझी आत्या चार वर्षं विचारतेय, त्यामुळं जरा सविस्तर.

गोव्यात लग्नाची नोंदणी आधी आणि अक्षता नंतर. नागरी निबंधकाच्या कार्यालयात जाऊन दोघांनी साक्षीदारांसमोर पहिली सही करायची, म्हणजे ‘आम्हाला लग्न करायचंय’ एवढं लिहून द्यायचं. मग कुणाची हरकत असेल तर ती घेण्यासाठी मध्ये काही दिवस जातात. मग दुसरी सही. ती झाली की कायद्यानं तुम्ही नवरा-बायको. इथली माणसं या दिवसाला नुसतं ‘सही’ म्हणतात. ‘तिची सही जाली’ हे वाक्य डिचोलीत कानावर पडलं तेव्हा मला वाटलं बँकेत कर्जबिर्ज घेतलं असेल.

आमची दुसरी सही जानेवारीत झाली. त्या संध्याकाळी मी आई-वडिलांबरोबर बसनं कोल्हापूरला परत आले, कारण इथल्या रीतीप्रमाणं मांडवाखालचं लग्न होईपर्यंत मुलगी माहेरीच. मे महिन्यात अक्षता पडल्या. मधले चार महिने माझं लग्न झालं होतं की नव्हतं, यावर आत्या आणि काका यांच्यात अजून एकमत नाही. लग्नाचा वाढदिवस आम्ही मे महिन्यात करतो, आणि सरकारी फॉर्मवर जानेवारीची तारीख घालतो.

याचं मूळ पोर्तुगीजांच्या 1867 च्या नागरी संहितेत आहे. गोवा 1961 मध्ये मुक्त झाला, पण कुटुंबाचा कायदा तोच राहिला आणि सगळ्या धर्मांना लागू राहिला. त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं कलम असं: लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची मिळून एकच धरतात. घर विकायचं तर दोघांच्या सह्या लागतात. माझ्या सासूबाईंनी हे मला पहिल्याच आठवड्यात, भाकरी थापल्यासारख्या सहज स्वरात सांगितलं: त्याचं अर्धं तुझं, तुझं अर्धं त्याचं. सध्या त्याचं अर्धं म्हणजे स्कूटरचं पुढचं चाक.

सकाळ कधी सुरू होते?

पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या हॉर्ननं. सव्वासहाला खाली पोंऽ पोंऽ ऐकू येतं. सायकलच्या मागं टोपली, टोपलीवर निळं प्लास्टिक, आत गरम पाव. आम्ही रात्री झोपताना दाराच्या कडीला कापडी पिशवी अडकवून ठेवतो. तो चार मजले चढतो, त्यात ठरलेले पाव टाकतो आणि जातो. महिन्याचा हिशोब भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघा मारून. चार वर्षांत आमचं एकमेकांशी मिळून दहा वाक्यं बोलणं झालं असेल, पण लग्नाला गावी गेलो आणि सांगायला विसरलो तेव्हा परत आल्यावर पिशवीत एक चिठ्ठी होती: ‘पाव नाका जाल्यार सांग.’

पावांचे प्रकार वेगळे. साधा पाव असतो, कडक कवचाचा उंडो असतो, बांगडीच्या आकाराचं काकण असतं. आणि कोंड्याची, मधून पोकळ, चपटी अशी असते ती पोळी. या पोळीनं मला पहिल्याच आठवड्यात फसवलं. नवरा म्हणाला, ‘आज पोळी सांगितली आहे.’ मी आनंदानं तूप काढून ठेवलं. कोल्हापुरात पोळी म्हणजे पुरणाचीच, रोजची ती चपाती. पिशवीतून निघाले चार फुगीर पाव. खाल्ले तुपाशीच. बरे लागतात.

मग पावणेसातला नवऱ्याच्या कंपनीची बस हायवेवर येते. हा वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात आहे, म्हणजे रोज आधी मांडवी आणि मग जुवारी, दोन नद्या ओलांडून जातो. साडेसातला कचऱ्याची गाडी. ओला-सुका वेगळा नसेल तर घेत नाहीत आणि सगळ्यांदेखत परत देतात. आठला नळाचं पाणी खालच्या टाकीत येतं आणि पंप घरघरायला लागतो. घड्याळ बघायची सवयच गेली.

स्वयंपाक कुणाच्या पद्धतीचा?

इथं खरी गंमत आहे, त्यामुळं सावकाश सांगते.

माझ्याबरोबर लग्नात आली ती आईनं डंकावर कुटून आणलेली पाच किलो चटणी. चटणी म्हणजे कांदा-लसणाचं तिखट, हे कोल्हापूरकराला सांगावं लागत नाही, इथं प्रत्येकाला सांगावं लागतं. पहिल्या रविवारी मी तांबडा रस्सा केला. नवऱ्यानं कौतुक केलं, दोन वाट्या घेतल्या आणि रात्रभर पाणी पीत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं त्याच्या पद्धतीनं बांगड्याचं हुमण, म्हणजे खोबऱ्याचं कालवण केलं. मी चव घेतली आणि विचारलं, ‘यात लसूण विसरलास का?’ तो गप्प बसला. नंतर कळलं की तिरफळ घातलेल्या हुमणात लसूण घालायचाच नसतो, आणि असा प्रश्न विचारायचाही नसतो.

मला हुमण शिकवलं ते पहिल्या मजल्यावरच्या काकींनी. ओलं खोबरं, सुकी मिरची, धने, हळद आणि चिंच, हे गंधासारखं वाटायचं. ‘हाताक रवो लागता म्हणजे जांव ना,’ म्हणत त्यांनी मला मिक्सर तीनदा परत लावायला लावला. मग तिरफळं. आठ-दहा घ्यायची, आतली काळी बी फेकायची, टरफलं पाण्यात टाकून बोटांनी नुसती चिरडायची. वाटायची नाहीत, वाटली की कडू. कालवणाला उकळी आल्यावर बांगड्याचे तुकडे आणि वरून ते तिरफळाचं पाणी. त्या क्षणी जो वास उठतो तो मला आधी औषधाचा वाटायचा. आता जिन्यात तो वास आला की कुणाच्या घरी बांगडा आहे ते मजल्यासकट सांगते.

आठवड्यात ठरलेलं काही नाही. मटण माझ्याकडं, मासे त्याच्याकडं, आणि डाळ-भात ज्याला आधी भूक लागेल त्याच्याकडं. तांदूळ मात्र दोन डब्यांत. त्याला उकडा, म्हणजे उकडलेल्या भाताचा तांदूळ लागतो, मला तो अजून घशाखाली जात नाही. नारळ दिवसाला अर्धा तरी जातोच. महिन्याचा नारळाचा खर्च आईला सांगितला तेव्हा ती म्हणाली, देवळात फोडता का?

रोज मासे? मग उपवास-बिपवास?

सोमवारी शिवराक. शिवराक म्हणजे शाकाहारी, हा शब्द लक्षात ठेवा, हॉटेलात उपयोगी पडेल. काही घरांत गुरुवारीही असतं. आमच्याकडं सासूबाई आल्या की गुरुवार, गेल्या की नाही.

जूनच्या 1 तारखेपासून जुलैच्या 31 पर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा बाजारात खाडीचे, नदीचे मासे थोडे आणि महाग. त्या दोन महिन्यांसाठी सुकं. सुक्या जवळ्याला इथं गालमो म्हणतात, तो भाजून, खोबरं-कांदा-मिरची घालून केलेली किसमूर आणि पेज. ही एक गोष्ट मी कोल्हापुरात नेऊन खाऊ घातली आणि सगळ्यांनी वाटी पुढं केली. त्याआधी मात्र सगळ्यांनी खिडक्या उघडल्या होत्या.

घरात बोलता कोणत्या भाषेत?

वाचतो मराठीत, भांडतो आपापल्या भाषेत.

डिचोलीची माणसं मराठीशी तुटलेली नाहीत. नवरा मराठी शाळेत शिकला, घरी मराठी पेपर येतो, देवळात मराठी भजन, जत्रेला मराठी नाटक, आणि त्यात गावातलाच वीजवाला छत्रपती होतो. पण तोंडात कोकणी. 1987 च्या राजभाषा कायद्यानं कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीही चालेल असं ठरलं. आमच्या घरातही साधारण तीच व्यवस्था आहे. आजेसासरे तर 1967 च्या जनमत कौलात ‘फुला’वर मत दिलेले, म्हणजे गोवा महाराष्ट्रात जावा या बाजूचे. ‘दोन पानं’ 34,021 मतांनी जिंकली आणि गोवा वेगळा राहिला, हा आकडा त्यांना शेवटपर्यंत पाठ होता. आमचं लग्न ठरलं तेव्हा ते म्हणाले, ‘मला जमलं नाही ते विलीनीकरण नातवानं केलं.’

मला सगळ्यात जड गेलं ते ‘तूं’. नवरा वडिलांना विचारतो, ‘बाबा, तूं जेवलो?’ शेजारच्या सत्तर वर्षांच्या काकांना ‘तूं’, ऑफिसात साहेबांना ‘तूं’. आमच्याकडं वडिलांना तू म्हटलं तर जेवणाचं ताट परत जातं. इथं त्यात अनादर नाही, हे डोक्याला कळलं तरी जिभेला कळायला वर्ष लागलं. अजूनही मी सासऱ्यांशी बोलताना वाक्य असं रचते की त्यात तू-तुम्ही येणारच नाही: ‘जेवण झालं का? चहा ठेवायचा का?’ त्यांच्या लक्षात आलंय. तेही आता मला मुद्दाम ‘तुम्ही’ म्हणतात आणि हसतात.

कामापुरते शब्द तुम्हालाही सांगून ठेवते. ‘उदक’ म्हणजे पाणी, ‘मागीर’ म्हणजे मग. ‘देव बरें करूं’ हे आभार. ‘फाल्यां’ म्हणजे उद्या, पण प्लंबरच्या तोंडी त्याचा अर्थ ‘या महिन्यात’ असा घ्यावा. ‘कडी’ म्हणजे ताकाची कढी नव्हे, भातावरचं माशाचं कालवण. माझी चुलत बहीण उपवासाच्या दिवशी ‘थोडी कडी चालेल’ म्हणाली होती, तिला विचारा.

पावसाळा फार रोमँटिक असेल ना?

पहिले चार दिवस.

वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पाऊस कोल्हापूरलाही काही कमी नाही, पण तिथं मध्ये वारं सुटतं, कपडे वाळतात. इथं हवाच ओली असते. पहिल्या जुलैत मी लग्नातला शालू काढायला कपाट उघडलं. आधी वास आला, बंद तळघरासारखा. शालूच्या घडीवर राखाडी ठिपके, हात लावला तर बोटाला मऊ लागले. वरच्या फळीवर नवऱ्याचे चामड्याचे बूट होते, त्यांना हिरवी लव फुटली होती, मशागत केल्यासारखी एकसारखी. मी खाली बसून रडले. नवरा डोकावला आणि म्हणाला, ‘बुरशी आयली? दर वर्सा येता.’ दर वर्षी येते तर मेमध्ये बोलायला काय झालं होतं, यावर पुढचे तीन दिवस.

आता आमचा बंदोबस्त असा: चामड्याचं काहीही मेअखेर उन्हात तापवून, कागदात गुंडाळून, हवाबंद डब्यात. भरजरी कपडे कोल्हापूरला आईकडं, हे सगळ्यात खात्रीचं. सासूबाईंचा जुना उपाय म्हणजे कपाटात मंद बल्ब पेटता ठेवणं. तो आम्ही दोन वर्षं केला, मग हवेतलं पाणी ओढणारं मशीन घेतलं. रोज सकाळी त्याची टाकी बेसिनमध्ये ओतताना वाटतं, हे सगळं पाणी आपण रात्रभर श्वासातून घेत होतो. कपडे बेडरूममध्ये दोरीवर, पंख्याखाली. जुलैत आमच्या घरी कुणी आलं तर त्याला नवऱ्याच्या बनियनखालून वाकून आत यावं लागतं.

याच्या आधीची तयारी म्हणजे पुरुमेंत. एप्रिल-मेमध्ये पावसाळ्याची बेगमी भरायची: सुकी मासळी, मिरच्या, सोलं म्हणजे आमसुलं, चिंच, मिठातली तोरं म्हणजे कैऱ्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. फ्लॅटवाल्यांना काय गरज, दुकानं तर उघडी असतात, असं मी म्हणून पाहिलं. सासूबाईंनी काही उत्तर दिलं नाही, फक्त पलंगाखाली चिंचेचा गोळा आणि सोलांची बरणी सरकवून गेल्या. ती सोलं ऑगस्टपर्यंत पुरली, आणि दुकानातल्यांना तशी चव नव्हती, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

लाइट-पाणी कसं असतं?

ठीक. पावसात झाड तारेवर पडलं की अंधार, तेवढं धरून चाला. एप्रिलमध्ये टँकर मागवावा लागतो कधीकधी, त्या पैशांवरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये दीड तास जातो. बंद फ्लॅटवाल्यांनी टँकरचे पैसे का द्यावेत, हा वाद आम्ही चार वर्षं ऐकतोय.

ऑफिसला तू कशी जातेस?

माझं ऑफिस पणजीत पाटोला. स्कूटरनं पंधरा मिनिटं, उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून किती ते विचारू नका. 2019 मध्ये झालेल्या अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळं स्कूटरवाल्यांनी जुन्याच पुलांवरून जायचं आणि वरच्या तारांकडं बघायचं.

म्हणून मला जमेल तेव्हा मी बेतीला उतरते आणि फेरीबोट घेते. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. पाच मिनिटांचा प्रवास: आजूबाजूला कॅसिनोच्या बोटी, सकाळी झोप न झाल्यासारख्या दिसतात, डावीकडं पूल. सासरे सोबत असले की प्रत्येक वेळी सांगतात की 1986 च्या जुलैत मांडवीचा जुना पूल कोसळला तेव्हा सगळं गोवा याच बोटींवर आलं होतं. पलीकडं उतरून चालत ऑफिस. दिवसातली तेवढी पाच मिनिटं मी फोन बघत नाही.

परत येताना उशीर झाला तर मात्र पंचाईत. खाजगी बसेस संध्याकाळनंतर पातळ होतात, मोठ्या टॅक्सी कंपन्यांची ॲप्स इथं चालत नाहीत. राज्यातलं एक टॅक्सी ॲप आहे, नाहीतर पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवरचा पायलट, म्हणजे भाडं घेऊन मागं बसवून नेणारा. आई पहिल्यांदा आली तेव्हा ‘पायलटनं आले’ म्हटल्यावर तिनं आकाशाकडं बघितलं होतं.

भाजी तरी मिळते का चांगली?

बरीचशी बेळगावहून येते, घाट बंद झाला की भाव कडाडतात. सरकारी फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर जरा स्वस्त. पण खरी भाजी म्हापशाला बायका पुढ्यात घेऊन बसतात ती: तांबडी भाजी, आगशीची वांगी, मयड्याची ती भली मोठी केळी, एप्रिलमध्ये मानकुराद आंबा. हंगामाच्या सुरुवातीला मानकुरादचा भाव विचारून आम्ही फक्त वास घेऊन पुढं जातो. हापूस मोठा की मानकुराद, यावर माझ्या घरी बोलायचं नाही असं ठरलंय.

फ्लॅटमध्ये गणपती बसवता का?

नाही. चवथीला मूळ घरी जायचं असतं. डिचोलीच्या घरात सगळ्या भावांचा मिळून एकच गणपती. आदल्या दिवशी आमची इमारत रिकामी होते. पंप वाजत नाही, पदेरही येत नाही, लिफ्ट खालीच उभी. वर्षभर घरं बंद ठेवणारे आणि वर्षभर राहणारे, यांच्यात तेवढे दोन दिवस फरक उरत नाही.

मूर्तीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला रानातलं-बागेतलं सगळं बांधतात, ती माटोळी: नारळ, सुपारीची कातरी, तोरिंगां, कांगल्या. त्यातली अर्धी फळं मी आधी कधी पाहिली नव्हती. जेवायला हळदीच्या पानातल्या पातोळ्या, नेवऱ्या म्हणजे करंज्या, आणि खतखतं म्हणजे मिश्र भाज्यांचं कालवण.

आणि पहिल्या चवथीला सुनेच्या माहेरून ‘वजें’ यायचं असतं, म्हणजे फळं, लाडू, करंज्या, भेटवस्तूंचं ओझं. आमच्याकडं अशी रीत नाही. आईनं फोन करून विचारलं, ‘वजें म्हणजे वजन का? किती किलो?’ मग बाबांनी काय केलं, तर गाडीच्या डिकीत चार प्रकारचे लाडू, दोनशे करंज्या आणि गुळाच्या दोन ढेपा घालून आंबोली घाटातून पावसात सहा तासांनी डिचोली गाठली. ढेपा कशाला, असं कुणी विचारलं नाही. सासूबाईंनी एक ढेप शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटली आणि ‘कोल्हापुरचो गोड’ म्हणून वर्षभर सांगितलं. वज्यात गूळ नसतो, हे मला दोन वर्षांनी कळलं.

संध्याकाळी करता काय?

तो सातला येतो, मी साडेसहाला. बाल्कनीत चहा. कधी कोपऱ्यावरच्या गाड्यावर रस-ऑम्लेट: ऑम्लेटवर शागुतीचा, म्हणजे कोंबडीच्या मसालेदार कालवणाचा रस, बाजूला पाव, वर कांदा. कोल्हापूरच्या माणसाला गोव्यात घर वाटावं असं एवढंच एक ठिकाण, रस्सा आहे म्हणून. शनिवारी पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात. 1832 सालापासूनची संस्था, नवी इमारत, एसी, आणि मराठी पुस्तकं भरपूर. बाकी दिवशी तो सोफ्यावर झोपतो आणि मी त्याला ‘झोपलायस’ म्हणते आणि तो ‘ना गो’ म्हणतो.

भांडता का?

टॉवेलवरून, उकड्या तांदळावरून, आणि ‘येतां’ म्हणून बाहेर गेलेला माणूस किती वेळात यायला पाहिजे यावरून.

गोड बातमी कधी?

पुरणाची पोळी केली की कळवते.

डिसेंबरमध्ये येऊ का?

या, पण 20 तारखेच्या आधी. नंतर पुलावरच तुमची सुट्टी संपेल. झोपायला हॉल आहे, दोन गाद्या आहेत. चारपेक्षा जास्त माणसं असतील तर डिचोलीला सोय करू, तिथं जागाच जागा आहे आणि सासूबाईंना माणसं लागतात. आल्यावर दुपारी एक ते चार काही खरेदी निघेल या भरवशावर राहू नका, जुनी दुकानं तेव्हा बंद असतात.

येताना काय आणू?

चटणी, दोन किलो, डंकावरची. दुकानातलं पाकीट नको. बाकरवडी चालेल. दह्यासाठी विरजण आणू का म्हणून आत्या दर वेळी विचारते. नको, गेल्या वेळी घाटात सांडलं होतं. माझा शालू आईच्या कपाटातून काढून आणा, दिवाळीनंतर इथं एक सही आहे, म्हणजे नणंदेची. आणि छत्र्या आणू नका. घरात चार आहेत, त्यातल्या दोन उघडतात.